आधी मेन, मग चौकशी

मुलुंड (पूर्व),
१२ जुलै २०२५

चि. राजेश यास,
मालनताईचे अनेक आशीर्वाद.

अख्खी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन जोडण्यात गेली, त्यामुळे आता फोन कानाला लावला की माझं डोकं उठतं, हे तुला ठाऊक आहे. शिवाय फोनवर तू माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येणार नाही, म्हणून हा खटाटोप. बोरिवली ते मुलुंड माणूस तासाभरात येतो आणि पत्राला चार दिवस लागतात, असं म्हणून हसू नकोस. तू तरी कुठे तासाभरात येतोस? वर्ष होईल आता.

रविवारी तुझी श्रुतिका आली होती. माझ्या दाराची बेल दिवाळीपासून मुकी होती. पोरीने दप्तरातून टेस्टर आणि स्क्रू ड्रायव्हर काढला, मला पंख्याखालून उठवलं, मेन स्विच बंद केला आणि उकाड्यात मला घाम पुसत बसवून बेल दुरुस्त केली. आता ती इतकी ठणठणीत वाजते की माझ्याकडे कोणी आलं की वरचे कुलकर्णीही दार उघडतात. नववीला शाळेत हा हाताने काम करायचा विषय मिळाला म्हणून किती खूश आहे ती! वायरिंग, नळजोडणी, थोडं सुतारकाम, पुढे वेल्डिंगसुद्धा. बोलताना तोंडाचा पट्टा थांबत नव्हता.

मग पोहे खाता खाता एकदम गप्प झाली. खोदून विचारलं तेव्हा कळलं, की तू तिला त्या विषयातून काढून संस्कृतला बसवणार आहेस. मी पोह्यांत मीठ घालायला विसरले होते, तरी तिने तक्रार केली नाही. यावरून काय ते समज.

संस्कृतशी माझं वैर नाही. पण ज्या घरात बाप पंखा लावायलाही शॉकच्या भीतीने पायात चप्पल घालून जातो, त्या घरात वायरीला हात लावणारं एक तरी माणूस असू दे. लहानपणी तू बल्ब बदलायला मला स्टुलावर चढवायचास आणि स्वतः जिन्यात जाऊन उभा राहायचास. आठवतं ना?

रुचिराला आशीर्वाद. लोभ आहेच, उत्तर दिलंस तर थोडा वाढेल.

तुझी,
मालनताई


बोरिवली (पूर्व),
२१ जुलै २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. रुचिराने ते मोठ्याने वाचलं, चपलेचा भाग दोनदा. घरात माझी अब्रू आधीच बेताची होती, ती तू पोस्टाने घालवलीस.

आता माझंही ऐक. अण्णांचे हात तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असतील. मिलमधून आल्यावर साबणाने कितीही घासले तरी नखांतलं काळं जायचं नाही. मला शाळेत घालताना ते म्हणाले होते, की तुझे हात स्वच्छ राहिले पाहिजेत. मी ते ऐकलं. आज अंधेरीला एसी ऑफिसात बसतो. आणि आता माझीच मुलगी बोटांना ग्रीस फासून घरी येते आणि मला कौतुकाने दाखवते. मला ते बघवत नाही, ताई. ऑफिसातले सगळे सांगतात, संस्कृतला मार्क पडतात. मार्क पडले तर चांगलं कॉलेज, चांगलं कॉलेज तर पुढचं सगळं. शाळेत विषयांची पक्की नावं गणपतीच्या सुट्टीनंतर जाणार आहेत. तेव्हा मी स्वतः जाऊन तिचं नाव बदलून येईन.

तिचं डोकं चाललं तर ती गणपतीलाही शाळेतले नियम लावेल. परवा म्हणाली, मखराची माळ रात्री झोपताना बंद करायची, वायर तापते. मी सांगितलं, आपल्याकडे तसं चालत नाही. चाळीत पहिल्यांदा विजेची माळ आली तेव्हाच अण्णांनी ठरवलं होतं, की देवापुढे लावलेला दिवा, मग तो तेलाचा असो की विजेचा, विसर्जनापर्यंत मालवायचा नाही. आजवर मालवलेला नाही. तर तिचं उत्तर असं, की आजोबांना विचारायला हवं होतं, ते समजूतदार असणार. आता आजोबांना कुठून आणू? ती जन्मायच्या आधीच गेले. मी तिला एवढंच सांगितलं, की तुझे आजोबा मिलमध्ये जॉबर, म्हणजे मुकादम होते, रोज डब्यात सुके बोंबील न्यायचे म्हणून सगळे त्यांना बोंबील जॉबर म्हणायचे, यापलीकडे तुला त्यांची काही माहिती नाही.

गणपतीला तू चार दिवस आधी ये. मोदकांच्या कळ्या रुचिराला अजून तुझ्यासारख्या पडत नाहीत (हे ती वाचणार नाही अशी आशा).

तुझा लोभ चप्पल घालून का होईना, पण जपतो आहे.

तुझा,
राजेश


बोरिवली (पूर्व),
२९ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न.

तुझा पाय प्लास्टरमध्ये नसता तर तू इथे असतीस आणि मला हे पत्र लिहावं लागलं नसतं. आई म्हणते, आत्या जिन्यावरून पडली तेव्हाच बाप्पाला कळलं असणार की यंदा काहीतरी होणार. जे झालं ते माझ्यामुळे झालं.

पहिल्या दिवशी संध्याकाळची आरती. घर भरलेलं. जयवंतकाका ढोलकीवर, नितेशदादा झांजा घेऊन, बाबांच्या हातात आरतीचं ताट. मखरामागे बाबांनी एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर माळ, फोकस, फिरतं चक्र आणि स्पीकर असं सगळं लावलेलं. मी सकाळपासून त्यांना सांगत होते. दुसऱ्या कडव्याला मला जळका वास आला. आमच्या चेतना मॅडमनी वर्कशॉपच्या पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट घोकून घेतली आहे, की वास आला तर आधी मेन, मग चौकशी. कोणाला विचारत बसायचं नाही. मी टाळ खाली टाकला, धावत गेले आणि मेन स्विच पाडला.

आत्या, अख्खं घर काळोखात. पंखे बंद, मखर काळं, स्पीकर बंद. मला वाटलं सगळे शाबासकी देतील. तेवढ्यात आई किचनमधून ओरडली, की अगंबाई, मोदकपात्रातलं पाणी आटलं! पाहुण्यांसाठी दुसरा घाणा गॅसवर होता. खालची हळदीची पानं करपली होती. वास त्याचाच. आणि गॅसला काही मेन स्विच लागत नाही.

सगळे इतके हसले, इतके हसले की जयवंतकाकांना ठसका लागला. नितेशदादा म्हणाला, झकास, आपल्याकडे आता मोदक वाचवणारी इलेक्ट्रिशियन आहे. बाबा हसले नाहीत. मी मखरामागे जाऊन बोर्डला हात लावून पाहिला. बोर्ड गार होता. थोडा तरी गरम असावा असं मला फार वाटलं गं, पण अगदी गार होता.

उरलेली आरती समईच्या उजेडात झाली. मग बाबांनी लाइट लाव म्हणून सांगितलं. मी म्हटलं, आधी सगळे प्लग काढून एकेक लावावा लागेल, एकदम नाही. तेवढंच मी बोलले आणि सगळं नीट लावलं. पाहुणे गेल्यावर बाबा म्हणाले, की आजोबांच्या वेळेपासून न मालवलेला दिवा तू मालवलास, आणि तेही करपलेल्या पानांसाठी. सुट्टी संपली की संस्कृत. पुन्हा विषय काढायचा नाही. मी काढला नाही.

मला तू सांग, मी चुकले का? चुकले असेन तर तसं लिही, पण जरा हळू लिही. मॅडमना काय सांगू तेच कळत नाही. शाळेत पुढच्या महिन्यात पहिल्यांदा सोल्डरिंग करायचं होतं.

तुझ्यासाठी न करपलेले मोदक डब्यात ठेवले आहेत. लोभ कमी झाला नसेल तर सांग, कोणाबरोबर पाठवते.

तुझी,
श्रुतिका


मुलुंड (पूर्व),
३ सप्टेंबर २०२५

चि. राजेश यास,
आशीर्वाद. यावेळी अनेक नाहीत, मोजकेच.

श्रुतिकाचं पत्र आलं. प्लास्टर घातलेला पाय पुढे करून, खुर्चीत बसून हे लिहिते आहे. तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

आधी दिव्याचं. समई जळत होती ना? मग दिवा मालवला कसा? देवाला समई पुरते. फिरतं चक्र तुझ्या हौसेचं आहे, ते अण्णांच्या नावावर खपवू नकोस.

आता दुसरं. अण्णांना बोंबील जॉबर का म्हणायचे, हे तुला कोणी सांगितलंच नाही असं दिसतं. तू पाळण्यात होतास. डब्यात रोज बोंबील न्यायला आपल्याकडे बोंबील होते कुठे रे? डब्यात बहुतेकदा भाकरी आणि सोलकढी असायची.

एकदा मिलमध्ये पाळी चालू असताना अण्णांना खात्यात जळका वास आला. कापसाची मिल, हवेत रूंच रूं. त्यांनी कोणाला विचारलं नाही. धावत जाऊन अख्ख्या खात्याची यंत्रं बंद पाडली. सगळे धागे तुटले, अण्णांचा साहेब, म्हणजे खात्याचा मास्तर, लालबुंद होऊन आला. शोधलं तर काय, खात्यामागे पत्र्याच्या आडोशाला कोणीतरी शेगडीवर सुके बोंबील भाजत होता. मास्तरने सगळ्यांदेखत अण्णांची खरडपट्टी काढली. त्या दिवसापासून ते बोंबील जॉबर झाले. चाळीतली पोरंसुद्धा त्यांना त्याच नावाने चिडवायची. आईला त्याचं फार वाईट वाटायचं. एकदा तिने विचारलं, की एवढी काय घाई होती, आधी बघून तरी यायचं होतं. मी तिथेच भांडी विसळत बसले होते. अण्णा म्हणाले, मी खोटो ठरलंय तर लोक हसतले. गप रवलंय तर हसाक कोण रवतलो?

आणि ऐक. पुन्हा वास आला तर ते पुन्हा यंत्रं बंद करणार होते. मास्तरला तसं सांगूनही आले होते.

तुझे हात स्वच्छ राहावेत असं अण्णांना वाटायचं, ते खरंच आहे. त्यांच्या हातांनी फार सोसलं होतं. पण स्वतःच्या हातांची त्यांना लाज वाटत होती, असं तुला वाटत असेल तर तू त्यांना ओळखलंच नाहीस. आणि तुझ्या घरात जी पोर टाळ टाकून मेन स्विचकडे धावली, तिलाही नाही. तिने आजोबांना पाहिलं नाही, कोणी तिला हे सांगितलं नाही, तरी ती धावली. मी पत्र वाचलं आणि रडले. या वयात, प्लास्टर घातलेल्या पायाने. जान्हवीला वाटलं पाय दुखतो आहे. सून गुणी आहे, तिने गोळी आणून दिली, मी घेतली.

आता जा शाळेत आणि काय करायचं ते कर. मी काही बोलणार नाही. (पुढच्या पत्रात बोलेन.)

लोभ तुझ्या वागण्यावर अवलंबून.

मालनताई


बोरिवली (पूर्व),
२१ सप्टेंबर २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी ऑफिसला निघताना पेटीतून काढलं आणि खाली जिन्यातच उभं राहून वाचलं. मग वर परत आलो आणि श्रुतिकाला वाचून दाखवलं. मालवणी वाक्यापाशी मी कागद तिच्या हातात दिला, पुढचं तिने वाचलं. त्या दिवशी ऑफिसला उशीर झाला. एवढी वर्षं अण्णा माझ्यासाठी बोंबील आवडणारे गृहस्थ होते. तू हे आधी का नाही सांगितलंस, असं विचारणार होतो. पण मीच कधी विचारलं नाही.

शाळेत गेलो होतो. चेतना मॅडमना भेटलो. वर्कशॉप दाखवलं त्यांनी. मुली सोल्डरिंग करत होत्या. श्रुतिकाने मोदकांची गोष्ट वर्गात स्वतःच सांगितली आहे, त्यामुळे आता सगळे तिला मोदक म्हणतात. मला वाटलं तिला लागलं असेल. पण तिने मान वरसुद्धा केली नाही, हातातलं काम पुरं केलं आणि मगच ओ दिली. मी मॅडमना म्हटलं, नाव आहे तिथेच राहू दे. त्यांना वाटलं मी मोदक या नावाबद्दल बोलतोय. मग दोन्हींबद्दल सांगितलं.

आणखी एक. मी मॅडमना सहज विचारलं, पायात रबरी चप्पल घालून स्विच लावणं चूक आहे का? त्या म्हणाल्या, चूक कसलं, शहाणपणाचं आहे. हे तुला लेखी कळवतो आहे. फ्रेम करून लाव.

प्लास्टर निघालं की सगळे मिळून तुझ्याकडे येतो. बाकी इकडे सगळं ठीक, विशेष काही नाही. जान्हवीला आशीर्वाद. तुझा लोभ मिळवायला यंदा फार धावावं लागलं, आता जरा बसू दे.

तुझा,
राजेश

ता. क. आत्या, हे मी, श्रुतिका. पाकीट चिकटवायला बाबांनी माझ्याकडे दिलं म्हणून लिहिते. विशेष काही नाही हे खोटं आहे. गुरुवारी बाबांना ऑफिसात जळका वास आला. त्यांनी कोणाला विचारलं नाही. धावत गेले आणि अख्ख्या मजल्याचा मेन पाडला. सगळ्यांचे कॉम्प्युटर बंद, साहेब बाहेर. शोधलं तर काय, पॅन्ट्रीत कोणाचा तरी टोस्ट करपला होता. आता ऑफिसात त्यांना टोस्ट म्हणतात. ते तुला सांगणार नव्हते. पण आईला सांगताना इतके हसत होते की त्यांना पाणी द्यावं लागलं. आणि आत्या, घाईत त्यांची एक चप्पल टेबलाखालीच राहिली होती. एका पायाने अनवाणी धावले ते.

तर आता आपल्या घरात बोंबील, मोदक आणि टोस्ट. तुझं काय करपतं ते लवकर कळव.