होळीआधीचा बांबू

खालचा मोड, ता. रत्नागिरी
५ फेब्रुवारी १९८४

ती. सौ. राहीताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आम्ही इकडे खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं तर हॉटेलात दिवसभर मी, तुळसा आणि माश्या एवढेच असतो. गेल्या उन्हाळ्यात वळणावर भराव घालून रस्ता वर नेला आणि आपलं हॉटेल खाली खड्ड्यात राहिलं. पूर्वी गोव्याचे ट्रकवाले बोर्ड बघून थांबायचे. आता त्यांना आम्ही दिसत नाही आणि आम्हाला ते दिसत नाहीत, नुसता आवाज येतो. संपात गिरणी गेली तेव्हा जे हाताशी होतं ते मी या हॉटेलात घातलं, हे तुला ठाऊकच आहे. हे बुडालं तर मी संपलो.

म्हणून रत्नागिरीच्या कचेरीत अर्ज केलाय. नियमात बसतो तेवढा बोर्ड भरावाच्या वर डोकंही काढत नाही. दुप्पट उंची हवी तर खास परवानगी लागते. साहेब भला माणूस वाटला. म्हणाला, त्या उंचीचा बांबू जागेवर उभा करून ठेवा, मी रस्त्यावरून पाहीन. वळणावर गाडीवाल्यांना अडचण नसेल तर शिफारस करीन. मार्चमध्ये येणार आहे आणि मार्चअखेर त्याची बदली. जे व्हायचं ते त्याआधीच.

आबांना सांगितलेलं नाही. ते पडले गावाचे मानकरी, शिंकायचं तरी गावाला विचारून. आणि गाव काय माझ्या हॉटेलात जेवतं?

भाओजींना नमस्कार. भावावर जीव आहे तो तसाच ठेव.

तुझा
महिपत

कोयना वसाहत, अलोरे
१३ फेब्रुवारी १९८४

चि. महिपत यास अनेक आशीर्वाद.

माश्यांना तरी नीट वाढतोस ना? की त्यांच्यावरही खेकसतोस? तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, अर्ज अगदी बरोबर आहे, फक्त खांबाचा पाया खोल घ्यायला सांग, आषाढातला वारा बोर्ड वाचत बसत नाही.

पण आबांना सांग. हे मी गमतीने लिहीत नाही. मुंबईत होतास तेव्हा तू शिमग्याला यायचास तो होळी उभी राहायच्या दिवशी, आणि पालखी नाचवून झाली की परतीची एस. टी. तेवढ्यात गाव कळत नाही रे. आबांना न विचारता केलेली गोष्ट तुझ्या अंगाशी येईल याची मला धास्ती वाटते. कामात वाकडं काही शिरू नये एवढंच देवीकडे मागते.

तुळसाला आणि तुला माझ्या मायेची आठवण असू द्या.

तुझी ताई
राही

खालचा मोड
१६ मार्च १९८४

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सगळं संपलं. साहेब गुरुवारी येतो असा निरोप आला म्हणून सोमवारी मी चिव्याचे दोन बांबू एकाला एक बांधून उभे केले. लांबून दिसावं म्हणून टोकाला तुळसाचं तांबडं लुगडं लावलं. वर जाऊन रस्त्यावरून पाहिलं तर लांबच्या उतारावरूनही दिसत होतं. इतका आनंद झाला की तुळसाला वर बोलावून दाखवलं.

बुधवारी गावाने पालखी बसते त्या सहाणेवर बोलावलं. म्हणे फाल्गुनाची पंचमी लागली की गावाच्या होळीचं झाड सहाणेवर उभं राहीपर्यंत कोणी उंच काठी उभी करायची नाही. जो करील त्याने आपली वेगळी होळी केली, म्हणजे तो गावातून फुटला. त्यात वर तांबडं फडकं! मी सांगत होतो की हा कचेरीचा बांबू आहे, होळीशी त्याचा संबंध नाही. कोण ऐकतो? मी कॅलेंडर पाहिलं ते तारखेसाठी, तिथी कुठली बघतोय?

आबा पुढेच बसले होते. मला वाटलं, बाप काही तरी बोलेल. त्यांनी मान खाली घालून एवढंच सांगितलं की घरी जा आणि बांबू उतरव. उतरवला. गुरुवारी साहेब आला, रिकाम्या आभाळाकडे बघून म्हणाला, काहीच न पाहता मी काय लिहू? अर्ज निकालात काढला.

ताई, माझ्या बापानेच माझ्या पोटावर पाय दिला. मी त्यांच्याशी बोलणार नाही. शिमगा झाला की लोट्याच्या एखाद्या कंपनीत पाळीवर लागतो. तुळसा रडते, तिची समजूत घालणारं दोन ओळींचं लिही.

तुझा
महिपत

खालचीवाडी
२६ मार्च १९८४

चि. सौ. राहीस रावजीचे आशीर्वाद.

अक्षर वाकडं आहे, लावून घे. महिपत बोलत नाही. लोट्याला जाणार म्हणतो. त्याला थांबव.

त्या दिवशी तो घरी गेल्यावर सहाणेवर फार ताणलं. दुसऱ्या मानकऱ्याचं, गंगारामाचं म्हणणं, वेगळी होळी करणाऱ्याच्या दारात पालखी नाही, त्याच्या घरचं पाणीही नाही. पोराला रीत माहीत नव्हती, हे कोणी मानीना. शेवटी मी बोललो की चूक माझ्या घरातली, दंड मला घाला. पालखीला पहिला खांदा आपल्या घराचा. या साली तो गंगारामाने दिला, मी मागून चाललो. पण पालखी महिपतच्या दारात गेली, तुळसाने देवीची ओटी भरली. मला मागे बघून त्याने तोंड फिरवलं. त्याला वाटलं असेल, मी रागाने मागे राहिलो.

साहेब दुसऱ्याच दिवशी यायचा होता हे मला कोणी सांगितलंच नाही. माहीत असतं तर गावाच्या पाया पडून एक दिवस मागून घेतला असता. हे फार लागतं मनाला.

यातलं त्याला काही कळवू नको. जावईबापूंना आशीर्वाद, आणि म्हाताऱ्याला विसरू नये.

आबा

अलोरे
३१ मार्च १९८४

चि. महिपत यास आशीर्वाद.

आबांचं पत्र सोबत धाडते. तुला कळवू नको असं त्यांनी बजावलंय, म्हणूनच धाडते. वाच, आणि मग लोट्याला जायचं तर खुशाल जा.

तुळसाला सांग, नवऱ्यावर रागावायचा तिला पूर्ण हक्क आहे. मी तिच्या बाजूने आहे.

राही

खालचा मोड
९ एप्रिल १९८४

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आबांचं पत्र वाचलं. पहिला खांदा म्हणजे त्यांचा जीव, हे मला वेगळं सांगायला नको. मला माझीच लाज वाटली, फार वाटली.

सकाळी पाया पडायला घरी गेलो तर आबा नाहीत. शेजारचा केरू म्हणाला, ते हल्ली पहाटेच बाहेर पडतात. गेला आठवडाभर दोन-चार ट्रक रोज खाली उतरत होते. मला वाटलं, जुनी गिऱ्हाइकं, सवयीने येतात. आज एका सरदारजीला विचारलं तर तो म्हणाला, वर फेटेवाले बाबा उभे असतात ना, ते सांगतात.

धावत भराव चढलो. पालखीला बांधतात तो फेटा बांधून आबा वळणाच्या अलीकडे, जिथे गाडीला हळू व्हायला जागा आहे तिथे, काठी टेकून उन्हात उभे होते. मी बोलत नव्हतो तेव्हाही ते इथे येत होते. खालून मला ते दिसले नाहीत.

मी हात धरून म्हटलं, खाली चला, मानकऱ्याने रस्त्यात उभं राहून गिऱ्हाईक बोलवायचं, गाव काय म्हणेल? तर समोरच्या ट्रकवरची नजर न काढता म्हणाले, “होलीआधी बांबू उभा करू नये, येवढीच रीत हाय. मानूस उभा ऱ्हायला तर कुनाची हरकत नाय.”

लोट्याची गोष्ट सोडली. पावसाळ्यानंतर पुन्हा अर्ज करीन, आधी गावाला विचारून आणि तिथी बघून. तोवर सकाळी आबा उभे राहतात, उन्हं चढली की मी जातो. तुळसाने आज भात जास्त टाकलाय.

भाओजींसह एकदा जेवायला ये. वळणावर कोणी हात केला तर गाडी थांबवायला सांग.

तुझा
महिपत