सतरा तासांचं अंतर

सॅन होजे,
३ जून २०२५

ती. सौ. रूपालीताईस धाकट्या मच्छिंद्रचा शि. सा. न.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पेन हातात घेतलं. अक्षराला हसू नकोस, दहा वर्षांत सहीखेरीज काही लिहिलेलं नाही.

ताई, दादा गेल्याचं तू शनिवारी संध्याकाळी कळवलंस, तेव्हा सतरा तास लागतील असं मी बोलून गेलो. ते नुसते विमानातले, इथून मुंबईपर्यंतचे. तिकीट मिळवायचं, विमानतळावर तीन तास आधी पोचायचं, मुंबईहून जाफराबादला गाडीनं यायचं, हे मी धरलंच नव्हतं. सगळे मिळून चाळीस झाले. मी आलो तेव्हा सावडायची तयारी चालली होती. साडेतेरा हजार किलोमीटर येऊन मला बापाचं तोंड दिसलं नाही.

आपल्या सर्जेरावकाकांना एसटीचा हिशोब ठाऊक. सतरा तास म्हंजे बराबर सतरा तास, असं ते फाट्यावर जीप उभी करून सगळ्यांना सांगत होते म्हणे. रविवारी अकरा वाजले, मी दिसलो नाही, लगेच उचलायला लावलं. भावकीत चूल पेटली नव्हती, तेही कळतं. पण काकांना मी माफ करणार नाही. तुझा काय दोष? त्या गर्दीत तुला कोण विचारतंय!

पायल भाचीला आशीर्वाद. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
मच्छिंद्र

जाफराबाद,
२६ जून २०२५

चि. मच्छिंद्रास अनेक आशीर्वाद.

पत्र काल मिळालं. अक्षर अजून शाळेतलंच आहे.

काकांवर राग धरू नकोस. बर्फ आणा, पोराला येऊ द्या, जल्दी न्हाई, असं तेच म्हणत होते. मच्छिंद्र कुठवर आला, म्हणून त्यांनी मला तीनदा विचारलं. तू विमानाचा नंबर पाठवला होतास. पायलनं मोबाईलवर पाहून सांगितलं की मामाचं विमान आत्ताच उडालंय, यायला उद्या उजाडेल. मी तिला गप्प बसवलं. काकांना म्हणाले की त्याचा फोन लागत नाही, त्याचं काही खरं दिसत नाही, उचला. अग्नी मी दिला.

सहा वर्षं दादा अंथरुणावर होते. सतराच तास लागतात, कधीही हाक मारा, असं तू दर दिवाळीला सांगायचास आणि ते येईल त्याला तेच ऐकवायचे. त्यांची कूस मी बदलायची अन् कौतुक तुझ्या विमानाचं! माघात त्यांनी जेवण सोडलं तेव्हा मी हाक मारलीही. खरंच गरज आहे का ते बघून सांग, म्हणालास. मी पुन्हा सांगितलं नाही.

तू यावंस, खांदा द्यावास आणि पोरगा अमेरिकेहून धावत आला असं गावानं म्हणावं, हे माझ्याच्यानं पाहवलं नसतं.

तुझं मला वाईट वाटत नाही. दादांचं वाटतं. त्यांना विचारता आलं असतं तर चाळीस काय, चारशे तास थांबा म्हणाले असते. ते मला ठाऊक होतं, तरी मी काडी लावली.

लोभ ठेव असं लिहायला हात धजत नाही.

रूपाली