भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठी

२ जून, सोमवार. शेवगाव

ज्याच्या शेतात चाचणी घेतली त्या गोरक्षच्या भुईमुगात काहीच फरक नाही. औषध घातलेल्या वाफ्यात मुळांवर जेवढ्या गाठी, तेवढ्याच न घातलेल्या वाफ्यात. प्रयोगशाळेतल्या आरती मॅडमनी आज फोनवर सांगितलं. दोनदा विचारून घेतलं. म्हणजे शिफाचे जिवाणू शेतात जगलेच नाहीत.

शिफा माझी भाची, शकिलाची थोरली. बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र पिकाला मिळवून देणारे जिवाणू तिनं बाटलीत वाढवले. त्यावर धंदा उभा करायचाय. पुण्यातलं एक केंद्र नव्या उद्योगांना वर्षभर जागा आणि यंत्रं देतं. अर्ज तेरा तारखेपर्यंत. लिहायचं काम माझ्याकडे — तीस वर्षं बातम्या लिहिल्या, एवढं जमेल. तिथं नंबर नाही लागला तर सुप्याच्या एका कंपनीत नोकरी ठरलेली आहे, तेवीसला रुजू व्हायचं.

"मामू, हे अर्जात लिहायचं?"

"कारण कळल्याशिवाय काहीच लिहायचं नाही."

३ जून

कारण कळलं. गोरक्षनंच सांगितलं, आणि तेही अभिमानानं! "ताई, तुमचं औषध नुसतं पान्यावानी हुतं. म्या त्यात मोरचूद घातला, मंग कुठं निळं झालं!" बुरशी मारायच्या मोरचुदानं जिवाणूही मारले. त्याचं तरी काय चुकलं? ठिबकच्या ड्रममध्ये इथं सगळं एकदमच ओततात.

परतताना शिफा गाडीवर मागं बसून एवढंच म्हणाली, "बाटलीवर लिहायचं राहिलं."

लिहिलं असतं तर वाचलं असतं का कुणी?

५ जून

परवा ईद. घरात धांदल, आणि शिफा वहीत कल्पना मांडत बसलीय. केळीची रोपं — विकणारे आधीच ढीगभर. दुधातली भेसळ ओळखणारी पट्टी — यंत्रं कुठून आणणार? मोरचूद सोसणारे जिवाणू — "त्याला पाच वर्षं लागतील, मामू." प्रत्येक वेळी माझा एकच प्रश्न: घेणार कोण? शेवटी वैतागली. "तुम्ही अर्ज लिहा ना, मुलाखत कशाला घेताय!"

शकिला म्हणाली, "भाईजान, बातम्या संपल्या म्हणून आता माझ्या पोरीचं आयुष्य लिहायला घेतलं काय?" हसत म्हणाली. पण पुरतं हसत नाही.

७ जून

ईद. कामाचं काही नाही.

१० जून, मंगळवार

गोरक्षकडे पुन्हा. ओसरीत त्याची बायको ज्ञानेश्वरी आणि दोन शेजारणी पेरणीसाठी शेंगा फोडत बसलेल्या. शिफाही बसली. गूळपाण्यात जिवाणू कालवून मूठभर बियाला चोळू लागली.

"अगं, चोळू नको! साल निघाली की बी गेलं. नुसतं हालव, सुपात हालवतेस तसं," ज्ञानेश्वरी म्हणाली.

"मी कधी सूप धरलंच नाही, वहिनी."

"मंग शिकलीस काय एवढी?"

तिघी हसल्या. शिफाही.

मी विचारलं, पेरायच्या आधी बियाला हात कुणाचा लागतो?

"आमचाच. ह्यांचं राज्य ड्रमावर. बियावर न्हाई."

शिफानं माझ्याकडं पाहिलं. बाटली नकोच! एकरभर बियाला पुरेल एवढं पाकीट, आणि ते थेट बायकांच्या हातात. बियाला जिवाणू लावायची रीत जुनीच आहे. आम्ही गिऱ्हाईक चुकीचं धरलं होतं.

१३ जून

अर्ज गेला. मुदतीच्या चार तास आधी. मोरचुदाची हकीकत पहिल्याच परिच्छेदात. शिफाला धाकधूक. मला नाही.

बरं, थोडी होती.

१८ जून

ज्ञानेश्वरीचा फोन — मला नाही, शिफाला. पाकिटं कधी देतेस? शिफानं समजावलं, परवाना नाही, तोवर विकता येत नाही.

"मंग इकू नको. लावून तर दाव!"



२० जून

पुण्याचा मेल आला. निवड नाही.

शिफानं तो दोनदा वाचला आणि सुप्याला फोन केला — तेवीसला येणार नाही म्हणून! मला विचारलं नाही. शकिलालाही नाही.

सोमवारी, म्हणजे तेवीसलाच, सकाळी ज्ञानेश्वरीच्या ओसरीत अकरा जणी आपापलं बी घेऊन येणार आहेत.