छप्पन्न की सत्तावन्न

१२ जानेवारी २०११, बुधवार

नाजी गेला. चौकीसमोर. मी त्याच्यापासून दोन हातांवर होतो.

आम्ही नुसते ओरडत होतो. राष्ट्राध्यक्षाच्या सासुरवाडीनं देश खाल्ला, आता उठा, चालते व्हा — एवढंच. हवालदार अम्मारनं बंदूक उचलली. ह्याच अम्मारला आमच्या गल्लीनं दहा वर्षं फुकट कॉफी पाजली! गोळी नाजीच्या गळ्यात. तोंडातून शब्द नाही, नुसते बुडबुडे. बाकीचे सगळे पळत सुटले होते, पाठी आमच्याकडे. मी नाही पळालो. का, ठाऊक नाही. फळवाल्याच्या दुकानाचा गज हाताला लागला, तो मी अम्मारच्या डोक्यात घातला. टोपी उडाली. तो गुडघ्यांवर बसला, डोळ्यात आलेलं रक्त पुसलं आणि माझ्याकडे नीट निरखून बघितलं.

"मबरूकाचा भाचा ना तू?" म्हणाला.

१३ जानेवारी

गच्चीवर आहे, मावशीच्या कबुतरांच्या खुराड्यात. इथून निघून जायला हवं. एरवी मी एका गावात महिनाभर टिकत नाही — स्फाक्सला झाडांवरचे जैतून झोडपले, लिबियाच्या सीमेवर पेट्रोलचे डबे वाहिले, जर्जीसच्या किनाऱ्यावर, इटलीला पळायच्या बेतानं, एका फुटक्या होडीत आठ दिवस झोपलो. त्या होडीत एक मांजरी व्याली होती. पाच पिल्लं. कुणाला सांगून पटायचं नाही, पण मी इटलीला गेलो नाही तो त्या पिल्लांपायी!

पण आता सगळ्या रस्त्यांवर पोलीस. आणि नाजीला अजून पुरलेलंही नाही.

संध्याकाळी टीव्हीवर राष्ट्राध्यक्षाचं भाषण झालं. तेवीस वर्षांत पहिल्यांदा तो आपल्या घरगुती बोलीत बोलला. पुढची निवडणूक लढवणार नाही म्हणाला. मावशी खालून ओरडली, "ऐकलंस का रे? आपल्यासारखा बोलायला लागला! टरकलाय!" रस्त्यावर गाड्यांचे भोंगे.

पुढची निवडणूक २०१४ला. म्हणजे तीन वर्षं. अम्मारला तीन दिवस पुरेत.

१४ जानेवारी, शुक्रवार

पळाला! राष्ट्राध्यक्ष विमानात बसून पळाला!!

मावशीनं गच्चीवर येऊन अशी आरोळी दिली की सगळी कबुतरं उडाली. मी खाली धावलो. उस्ताद तिजानीच्या घरात सगळी गल्ली. (नागरिकशास्त्राचा मास्तर. काहीतरी खरं बोलला म्हणून नोकरीवरून काढला. लोकांना फुटबॉलचे संघ पाठ असतात, ह्याला राज्यघटना.) टीव्हीवर पंतप्रधान. कलम छप्पन्नप्रमाणे कारभार मी बघतो म्हणाला. आम्ही नाचलो. तिजानी खुर्चीतून उठला नाही.

"काय झालं उस्ताद? सुतक आहे का?"

"छप्पन्न," तो म्हणाला. "छप्पन्न म्हणजे तात्पुरता. साहेब खुर्चीवर कोट टाकून बाहेर गेलेत. कोट अजून तिथंच आहे, गाढवांनो!"

"मग काय हवं होतं?"

"सत्तावन्न. त्यात खुर्ची रिकामी झाली असं जाहीर करावं लागतं. सभापती बसतो, दोन महिन्यांत निवडणूक. तो परत येऊ शकत नाही."

मी विचारलं, "आणि छप्पन्नात परत आला तर?"

"तर ज्यानं ज्यानं हात उचललाय त्याची यादी."

मी परत गच्चीवर, खुराड्यात.

१५ जानेवारी

कालपासून गल्ल्यागल्ल्यांत पहारे. दंडाला पांढरं फडकं, हातात मिळेल ते. पळालेल्या राष्ट्राध्यक्षाची माणसं भाड्याच्या गाड्यांतून गोळ्या झाडत फिरतात म्हणे. भाड्याच्या गाडीची पाटी निळी. तेव्हा निळी पाटी दिसली की थांबवायची. मीही उभा आहे, तोच गज घेऊन.

दुपारी — सत्तावन्न! तिजानी सपाता हातात घेऊन धावत आला, माझे दोन्ही गाल चुंबले. "रिकामी! खुर्ची कायद्यानं रिकामी!"

"आणि बसलं कोण?"

"सभापती."

"तो कुणाचा माणूस?"

"त्याचाच रे! पण कायद्यानं बसला!" हसता हसता रडत होता म्हातारा.

मावशीनं लबलाबी केली. गरम हरभरे, शिळ्या पावाचे तुकडे, वर अंडं, जिरं. तीन वाडगे खाल्ले. तो परत येणार नाही. म्हणजे मी जिवंत.

हे एवढंच लिहून वही मिटायला हवी होती.

पाच वाजता, भिंतीवर ऊन होतं अजून, निळी पाटी आली. पहिला मीच धावलो. काच फोडली. आत पन्नाशीचा एक माणूस, दोन्ही हात वर. "पोरांनो, मी नाबुलचा! संत्री आहेत! संत्री!" केस धरून बाहेर ओढला. मग सगळेच. लाथा, दांडे, एकानं गॅसची टाकी आणलेली. मी गज किती वेळा मारला? जबडा मोडल्याचा आवाज आला, ओल्या फांदीसारखा. एक डोळा जागेवर राहिला नाही. मला थांबताच येईना. अंगात नुसता आनंद होता. हे खरं आहे म्हणून लिहितोय.

मागचं झाकण उघडलं. संत्री. खरंच संत्री. नंतर कळलं, त्याची स्वतःची गाडी दंगलीत जळली, म्हणून भाड्याची काढली होती. मुलगी इथं वसतिगृहात, तिला घरी न्यायला आला होता.

तिजानी मधे पडून किंचाळत होता, "निळी पाटी गुन्हा आहे, हे कुठल्या कलमात रे? कुठल्या कलमात?"

१६ जानेवारी

नाबुलवाला पहाटे मेला.

दुपारी पहाऱ्यावर अम्मार आला. डोक्याला पट्टी, साधे कपडे, दंडाला पांढरं फडकं! कमरेला पिस्तूल. मला वाटलं, पोरं ह्याला फाडतील. पण त्याला नाजीवर गोळी झाडताना माझ्याशिवाय कुणी बघितलंच नव्हतं ना. "बरं झालं आलास, अम्मार भाई! एक तरी बंदूक हवीच होती!" मावशीनं कॉफी दिली. साखर विचारली.

तो माझ्याजवळ पालथ्या क्रेटवर बसला. गजाकडे बघितलं.

"मी जिन्यावरून पडलो," हळूच म्हणाला. "टाके पडले सात."

मी गज पायानं क्रेटमागे सारला.

"नाबुलवाल्याचे कागद आमच्याच चौकीत येणार. चौकी जळाली, पण कागद येतोच. मी लिहीन — गर्दीनं मारलं. गर्दीला नाव नसतं." कॉफीचा घोट घेतला. "नाजीचं काय सांगायचं ते तू बघ."

सिगारेट पुढे केली. मी घेतली. त्यानंच पेटवून दिली.

१७ जानेवारी

काही नाही.

१८ जानेवारी

उस्ताद तिजानी वही घेऊन दारोदार फिरतोय — मेलेल्यांची नावं, आणि मारणाऱ्यांचीही. आज मला नाजीच्या घरी नेलं. तिजानीनं पेन उघडलं. नाजीच्या आईनं माझे हात हातात घेतले. "पोरा, तू त्याच्यासोबत होतास. कुणी झाडली?"

म्हणालो, "मी पळत होतो, काकू. मागे वळून बघितलं नाही."

तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "बरं केलंस, पळालास ते."

तिजानीनं पेन बंद केलं.