मिरवणूक आपल्या दारात थांबली

बाबा, काल आई हरली. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत, आपल्याच आळीतून. तुमच्या तेराव्याला हीच माणसं पत्रावळी उचलत होती आणि जाताना एकेक जण म्हणत होता, "वैनी, काय बी लागलं तरी सांगा." मी पाचवीत होते, तरी ते मला नीट आठवतं. एवढ्या वर्षांत आईने कोणाकडे काही मागितलं नाही. मोहोपाड्याच्या कंपनीतले तुमचे सोबती येऊन विचारून गेले, तेव्हाही नाही. पहिल्यांदा मागितलं ते एक मत.

वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला तेव्हा मीच तिला म्हटलं, उभी राहा. उन्हाळ्यात टाकीचं पाणी आपल्या आळीपर्यंत पोचत नाही, यावर ग्रामसभेत ती एकटी बोलते, बाकीचे मोबाइल बघत बसतात. निशाणी मिळाली कपबशी. आळीतल्या बायका घरी येऊन आमच्याच कपबशीतून चहा पिऊन गेल्या आणि म्हणाल्या, "तुलाच गं बाय, आनी कुनाला?" मोठी काकू तर आईचा हात धरून दारोदार फिरली.

माझं हे पहिलंच मतदान. शाळेच्या त्याच खोलीत, जिथे तुम्ही मला खांद्यावर बसवून नेलं होतं. त्या दिवशी घरी येऊन मी पेनाने बोटावर शाई ओढली. तुम्ही दुसऱ्या पाळीला निघालेले, स्वयंपाकघरात उभ्याउभ्या भाकरी खाताय, आणि एकदम ओरडता, "खोटी लावायची नाय. तुजी येळ येल तवा खरी लाव." मी मोरीत बसून रडत बोट घासतेय आणि आई हसतेय. परवा खरी लागली, तेव्हा घरी येईपर्यंत मी ते बोट कशाला टेकवलं नाही. तुमची लेक अजून तशीच खुळी आहे.

काल कर्जतला तहसील कचेरीबाहेर, दोरीच्या अलीकडे, मी आणि काकू उभ्या होतो. माइकवर आपल्या वॉर्डाचा आकडा सांगितला तेव्हा मला वाटलं, चुकून दुसऱ्याच वॉर्डाचा सांगितला. आईला पडली त्याहून जास्त मतं तर आपल्या भावकीतच आहेत. काकू माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुजी आई चांगलीच हाय गं. पन उद्या टाकीचं उद्घाटन आलं तर नारळ कोनी फोडायचा? पांढऱ्या कपाळाची बाई फुडं बरी नाय दिसत." म्हणजे चहा पितानाही सगळ्यांच्या मनात हेच होतं. आई काय बोलते, काय करते, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. मला तिथेच खाली बसावंसं वाटलं, पण गर्दी होती.

दिवेलागणीला मिरवणूक आली. निवडून आल्या त्या बाई, पण हार नवऱ्याच्या गळ्यात आणि गुलालही त्यालाच. त्या मागे टेंपोला धरून उभ्या. आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहेच, निवडून आलेला दारोदार थांबतो आणि घरच्या बाईने ओवाळायचं. मी म्हटलं, दार लावून घेऊ. आई म्हणाली, "दारात आल्याला पाठ नाय दाखवायची. तुज्या बापानं कधी दाखवली नाय." तिने ताट केलं, निरांजन लावलं, पदर सारखा करून उंबऱ्यापर्यंत गेली. डीजे बंद झाला. गुलालाने माखलेली काकू पुढे आली आणि हळूच, अगदी मायेने म्हणाली, "तू नको गं. पोरीला पाठव." कोणी हसलं नाही, कोणी रागावलंही नाही. एसटीची वाट बघावी तसे सगळे नुसते थांबले. मग ताट माझ्या हातात आलं आणि मी ओवाळलं, आधी नवऱ्याला, मग बाईंना. आई दाराआड उभी होती.

बाबा, मला आता या गावाकडून काही नको. पाच वर्षांनी पुन्हा मशीन येईल, शाळेची तीच खोली असेल, मी गेले काय नि न गेले काय. ही माणसं वाईट असती तर मी भांडले असते. पण रात्री काकूनेच वालाच्या बिरड्याची वाटी पाठवली, आईला आवडतं म्हणून. आईने ते खाल्लं, तुमच्या फोटोकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "ह्यांना सांगू नको." म्हणून हे पत्र फोटोमागेही ठेवणार नाही. सकाळी चुलीत घालीन.

फक्त एक. ताट माझ्या हातात आलं, असं मी लिहिलंय. आईने ते दिलं नव्हतं. तिने दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. मी ओढून घेतलं.