जिवाचा दोर

१२ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

आपण दोघंही हमालाची पोरं, आणि बाप ऐकत नाही ही आपली जन्माची एकच तक्रार. घरी ठीक आहे. आईचा खोकला उतरलाय. बाबा कामावर जातात.

तुमच्या सुरक्षा कचेरीनं पाठवलेले पिवळे दोर धान्याच्या कोठारावर पोचले. वर इंग्रजी चिठ्ठी: लाइफलाइन, नॉट फॉर लिफ्टिंग. सोबत तुम्ही केलेला अर्थ: ‘जीवनरेखा, उत्थापनासाठी नव्हे.’ वाचून गडी आपापले तळहात बघायला लागले. एकजण म्हणाला, माझी रेषा लांब आहे, मला दोर नको. शेवटी हमालांच्या सभेत मीच फोड करून सांगितली: हा जिवाचा दोर, यानं माणूस बांधायचा, माल उचलायचा नाही. टाळ्या कडाडून पडल्या. दुसऱ्या दिवशी त्याच दोरानं पोती वर चढली.

अर्थ कळूनही चढली, हे डोक्यात जातं. पोतं फुटलं की मुकादमाला जाब विचारतात. माणसाला खरचटलं तर कोणी विचारत नाही. म्हणून चांगला दोर आधी मालाला, मग झिजला की माणसाला. आणि मुकादम आपलेच बाबा, हे तुला सांगायला नको.

बाबा कामावर जातात असं वर लिहिलं, ते खोटं नाही. मंगळवारी भिंतीला चिकटलेलं धान्य पाडायला ते स्वतः कोठारात उतरले, कमरेला तोच दोर. तीनपैकी दोन पीळ तुटले. उरलेल्या एका पिळावर बाबा लोंबकळत होते. गड्यांनी ओढून काढलं.

घरी मी खूप भांडले. त्यांनी शांतपणे चहा संपवला आणि म्हणाले, “तुटला नाही ना? मग दोर चांगला आहे.”

त्याला गाठ मारून ठेवलीय. सोमवारी पुन्हा उतरणार आहेत. मैदान गाजवणारा माझा आवाज या एका माणसापुढं फुकट जातो.

सूचना पाठवली होती, असं म्हणू नकोस. सूचना वाचून माणूस वाचत नाही. भांडारवाला म्हणतो, जुना दोर बाद केल्याशिवाय नवा मिळणार नाही, आणि बाद करायला कचेरीचाच माणूस लागतो. तो माणूस तू आहेस.

उत्तर लिहीत बसू नकोस. सोमवारी पहिल्या पाळीच्या आधी कोठारावर ये आणि बाबांच्या डोळ्यांदेखत तो दोर कापून टाक.

त्यांच्याइतकीच हट्टी,
तुझी ताई