अंड्यांवरचा मासा

अप्पा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि आज एका माशामुळे तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. बेस्ट या डच गावात आमच्या घरामागे कालवा आहे. मे महिना आहे, ऊन पडतं, पण पाणी अजून गारच. तुमची तेरा वर्षांची नात शेजारच्या डच आजोबांबरोबर तिथे गळ टाकून बसते. रीतसर पास काढून, बरं का. इथे मासा धरायचा, डोळे भरून बघायचा आणि परत सोडायचा. तुम्ही म्हणाला असतात, "मग उन्हात बसायचं कशाला?" मलाही ते कळत नाही, पण मीही जाऊन बसते.

आज तिच्या गळाला स्नूकबार्स नावाचा मासा लागला. लांबट, काटेरी पाठीचा, काचेसारख्या डोळ्यांचा. चवीला म्हणे फार छान, पण या दिवसांत तो धरायला बंदी आहे. चुकून लागला तर तिथल्या तिथे सोडायचा. मला कोडं पडलं ते वेगळंच. गळाला होती ब्रेडची गोळी आणि हा तर मासे खाणारा मासा. आजोबा गळ सोडवत म्हणाले, हा नर आहे, खाली अंडी राखत बसलाय, जवळ येईल त्याला चावतो, भूक नसली तरी. त्यांनी हात सैल केले आणि तो सुळकन खाली गेला.

तुमची मरळ आठवली. कृष्णेच्या पाण्यावर लालसर पिल्लांचा पुंजका दिसला की तुम्ही माझा हात धरायचात. "पिल्लांवर आहे ती. आत्ता काहीही टाक, धरेल. म्हणूनच टाकायचं नाही." दर रविवारी मी तुमच्यामागे, कणकेचा गोळा फडक्यात बांधून. आणि मग तो एक रविवार. मी फडकं घेऊन दारात उभी आहे, तुम्ही चपला घालताय आणि माझ्याकडे न बघता खेकसताय, "आजपासून नदीवर यायचं नाही." आई पाठमोरी भाकरी थापत राहते.

का, अप्पा? मी तेरा वर्षांची झाले होते म्हणून? घाटावर कोणी काही बोललं होतं? की माझ्या बडबडीने मासे पळायचे? विचारायची माझी छाती झाली नाही आणि तुम्हीही तोंडाला कुलूप घातलंत. त्याच दुपारी माशाचा डोक्याकडचा मानाचा तुकडा मात्र माझ्याच ताटात वाढलात. रागावलेला माणूस असं वाढतो का? मला तुमचा अजून राग येतो, आणि आज त्या माशाकडे बघून रडू आलं. यातलं खरं कुठलं, मला ठरवता येत नाही.

परतताना लेकीने विचारलं, "आई, टुमॉरो मी एकटी येऊ? फ्रेंड्स पण येतायत."

"काही नको. आता कालव्यावर यायचं नाही."

आवाज हुबेहूब तुमचा.

"बट व्हाय?"

मी कधी विचारलं नव्हतं, तिने विचारलं. ती आता वरच्या खोलीत दार लावून बसली आहे आणि मी खाली कागद घेऊन. हे पाठवणार तरी कुठे? खरं सांगू, वर जाऊन तिला काय कारण सांगायचं ते तुम्ही सुचवाल, एवढ्याच आशेने लिहायला बसले होते.